कानात राहिलेले एक्स्चेंज

गेल्या वर्षीच्या आषाढातली गोष्ट. रात्रीचे अडीच वाजले असतील. सासूबाईंच्या खोलीत कसलीशी हालचाल जाणवली म्हणून मी उठून गेले. त्या पलंगावर उठून बसल्या होत्या आणि उशाजवळच्या टेबलावर अंधारात काहीतरी चाचपडत होत्या. मी दिवा लावला.

"अगं, केव्हाचा वाजतोय. कुणी घेत कसं नाही?" त्या म्हणाल्या.

"काय वाजतंय, आई?"

"फोन गं, दुसरं काय!" आणि त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की, कानाने अधू त्या नसून मीच आहे, असे मला वाटावे.

आमच्या घरातला तारेचा फोन 2018 मध्ये आम्ही परत केला. तो ज्या कोनाड्यात असे तेथे आता औषधांचा डबा असतो. मोबाइल रात्री बंद करून ठेवलेले असतात. बाहेर पाऊस लागला होता आणि घरात पावसाखेरीज कसलाही आवाज नव्हता. "स्वप्न पडलं असेल," असे म्हणून मी त्यांना पाणी दिले आणि निजवले.

पुढच्या पंधरवड्यात हे चार-पाच वेळा घडले. प्रत्येक वेळी आम्ही तेच केले, जे बहुतेक घरांत केले जाते. आम्ही वाद घातला. फोनच नाही तर वाजेल कसा, हे त्यांना पटवत राहिलो. माझ्या यजमानांनी तर एकदा त्यांना हाताला धरून त्या रिकाम्या कोनाड्यापर्यंत नेले. त्या रात्रीनंतर सासूबाईंनी फोनचे नाव काढले नाही, आणि त्रास संपला असे समजून आम्हाला हायसे वाटले. प्रत्यक्षात आवाज थांबला नव्हता. त्यांनी आम्हाला सांगणे थांबवले होते. दुपारची पेंग आणि जागरणाने ओढलेला चेहरा पाहून ते आमच्या लक्षात यायला आणखी महिना गेला.

स्मृतिभ्रंश हा शब्द घरात कोणी उच्चारला नाही, पण तो सर्वांच्याच मनात होता. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी मात्र त्या शब्दाकडे धाव घेतली नाही. त्यांनी आधी लघवीची आणि रक्ताची तपासणी करून घेतली आणि चालू औषधांची यादी एकेक करून पाहिली. उतारवयात मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, रक्तातील सोडियम कमी होणे, नव्याने सुरू झालेले एखादे औषध, यांपैकी कशानेही भास होऊ शकतात. माणूस काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत एकाएकी संभ्रमित झाला, तर ती तातडीने डॉक्टरांकडे नेण्याची बाब असते, हेही त्यांनी बजावले. आमच्या बाबतीत तसे काही निघाले नाही. मग त्यांनी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवले.

तेथे दोन्ही कानांतला मळ काढला गेला आणि श्रवणचाचणी झाली. चाचणीच्या आलेखावरची रेघ डावीकडे बऱ्यापैकी वर होती आणि उजवीकडे, म्हणजे उच्च स्वरांकडे, डोंगरउतारासारखी घसरत गेली होती. डॉक्टरांनी तो कागद बाजूला ठेवला, खुर्ची सासूबाईंच्या समोर ओढली आणि आमच्यापैकी कोणालाच न सुचलेला प्रश्न विचारला. "आजी, तो आवाज कसा येतो? थांबून थांबून, की सलग?"

"सलग," सासूबाई चटकन म्हणाल्या. "घंटा नाही ती. बझर आहे. पाटी पडली की वाजतो ना, तो."

आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत राहिलो. दीड महिना आम्ही घरातल्या फोनच्या घंटेविषयी वाद घालत होतो, आणि त्यांना ती ऐकूच येत नव्हती. त्यांना एक्स्चेंज ऐकू येत होते.

सासूबाई 1965 मध्ये, विशीच्या उंबरठ्यावर, सातारा जिल्ह्यातल्या एका गावी टेलिफोन ऑपरेटर म्हणून नोकरीला लागल्या. हे आम्हाला ठाऊक होते. पण आपल्या माणसाची नोकरी जितपत ठाऊक असते तितपतच. त्या दिवशी दवाखान्यातून परत येताना, रिक्षात, त्यांनी ते एक्स्चेंज प्रथमच आम्हाला ऐकवले.

गावातले फोन तेव्हा दांडीचे होते. ग्राहकाने दांडी गरागरा फिरवली की एक्स्चेंजमधल्या बोर्डावर त्याच्या नंबराची छोटीशी पाटी खटकन खाली पडे. ऑपरेटरने एक कॉर्ड त्याच्या भोकात खुपसायची आणि "नंबर प्लीज" म्हणायचे. त्याने नंबर मागितला की जोडीची दुसरी कॉर्ड त्या नंबराच्या भोकात घालायची, तिकडे घंटा द्यायची आणि दोघे बोलू लागले की आपला कान काढून घ्यायचा. दुपारच्या सुस्त वेळी आणि रात्री बझरची कळ लावून ठेवत, म्हणजे एखादी पाटी पडली की ऑपरेटरला डुलकी लागलेली असली तरी ती जागी होई. पाटी पुन्हा वर लावेपर्यंत तो बझर गुरगुरत राही. सासूबाई म्हणाल्या, "पाटीच्या आवाजावरून कळायचं कोणाचा फोन ते. डॉक्टरांची पाटी ढिली होती, ती दोनदा आपटायची."

पुढे त्या बदली होऊन पुण्याला आल्या. पुण्यात स्वयंचलित एक्स्चेंज होते आणि ट्रंकच्या खोलीच्या भिंतीपलीकडे स्ट्रॉजर यंत्रणेचे कपाटांसारखे उंच मांड होते. अल्मन स्ट्रॉजर हा अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत प्रेतसंस्काराचा धंदा करणारा गृहस्थ. आपली गिऱ्हाइके ऑपरेटर मुद्दाम दुसऱ्या धंदेवाल्याकडे वळवते, असा त्याला संशय होता असे सांगतात, आणि त्या रागातून त्याने ऑपरेटरशिवाय चालणारे यंत्र शोधून 1891 मध्ये त्याचे पेटंट मिळवले. त्या यंत्रात प्रत्येक आकड्यागणिक एक दांडा खटखट वर चढे आणि मग वळे. ग्राहकाने घरी तबकडीवर 7 फिरवला की तबकडी परत येताना सात ठोके तारेतून जात आणि इथे सात पायऱ्या चढल्या जात. एका सेकंदाला दहा ठोके असा त्याचा वेग होता. म्हणून शून्य फिरवले की तबकडी परत यायला पुरता एक सेकंद लागे. सकाळी दहाला, व्यापारी पेढ्या उघडल्या की, भिंतीपलीकडे इचलकरंजीच्या मागांसारखा खडखडाट सुरू होई, आणि दुपारी दोनला तो विरळ होई. शहर केव्हा जागे झाले, केव्हा जेवायला बसले, हे सासूबाईंना भिंतीला कान न लावता कळत असे.

आमच्यासारख्या, तारेच्या दुसऱ्या टोकाला असलेल्यांच्या कानांतही यातले पुष्कळ साठलेले आहे. साठीच्या पुढच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. रिसीव्हर उचलताच येणारी ती एकसुरी गुणगुण म्हणजे एक्स्चेंजने दिलेली हाक होती: मी तयार आहे, नंबर सांगा. नंबर फिरवून झाला की क्षणभर काही खुटखुट, मग "ट्रिंग-ट्रिंग" असे जोडीने येणारे आणि मध्ये दोन सेकंद विसावणारे ठोके. ते ऐकू आले की पलीकडच्या घरात आता घंटा वाजते आहे, कोणीतरी पदराला हात पुसत येत असेल, हे डोळ्यांसमोर दिसे. 'एंगेज'चा तुटक सूर वेगळा. सगळ्या लाइनी व्यस्त असल्याचे सांगणारा बाईचा आवाज वेगळा. फोन 'डेड' आहे हेसुद्धा कानालाच कळे, कारण त्या वेळी रिसीव्हरमध्ये लाकडासारखी शांतता असे.

आणि अंतर ऐकू येत असे. कानपूर आणि लखनौ यांच्या दरम्यान 1960 मध्ये देशातली पहिली एस.टी.डी. सेवा सुरू झाली, पण आपल्या गावांपर्यंत ती पोहोचायला पुढे कितीतरी वर्षे गेली. तोवर ट्रंक कॉल. ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग असे त्याचे वर्ग असत. लाइटनिंगला साध्याच्या आठपट पैसे पडत, त्यामुळे तो शब्द घरात उच्चारला गेला की बायका पदर सावरून बसत. कॉल बुक करून माणसे तासन्‌तास फोनजवळ बसून राहत. लाइन लागली की मुंबईचा माणूस शेजारच्या खोलीतून बोलल्यासारखा वाटे, नागपूरचा विहिरीतून. पुढे मुले अमेरिकेला गेली तेव्हा आवाज उपग्रहावरून येऊ लागला. सुमारे छत्तीस हजार किलोमीटर वर जाऊन खाली यायचे म्हणजे एकीकडचा शब्द दुसरीकडे पोहोचायला पाव सेकंद, आणि उत्तर परत यायला तेवढाच आणखी. त्या अर्ध्या सेकंदात आई आणि मुलगा दोघेही एकदमच बोलू लागत, मग दोघेही थांबत. कितीतरी घरांनी त्या अडखळण्यातच मुलांची खुशाली ऐकली आहे.

त्या काळाचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. फोनसाठी अर्ज करून वर्षानुवर्षे वाट पाहणारी माणसे मी पाहिली आहेत. शेजाऱ्यांच्या फोनवर 'पी.पी.' म्हणून बोलावले की त्यांच्या दिवाणखान्यात, त्यांच्या देखत, घरचे भांडणसुद्धा गोड शब्दांत बोलावे लागे. रात्री अकरानंतर पाव दर म्हणून पिवळ्या पाटीच्या बूथपुढे थंडीत रांग लावण्यात काही मौज नव्हती. तरीही एक गोष्ट खरी. जुने जाळे आपण कुठवर आलो आहोत हे प्रत्येक टप्प्यावर कानाला सांगत असे, आणि आजच्या फोनमध्ये ते सांगणे बरेचसे डोळ्यांकडे गेले आहे.

याचा त्रास कोणाला होतो, हे आम्हाला त्या श्रवणचाचणीनंतर समजले. मोबाइलवर हिरवे बटण दाबल्यावर काही सेकंद कसलाही आवाज येत नाही. सासूबाई तेवढ्यात "डेड आहे गं" म्हणून फोन खाली ठेवत. कितीतरी वर्षे आम्ही समजत होतो की त्यांना मोबाइल आवडत नाही. त्यांच्या हाताखालून चाळीस वर्षे लाइनी गेल्या होत्या. निःशब्द लाइन म्हणजे तुटलेली लाइन, हा त्यांचा निष्कर्ष त्यांच्या विद्येप्रमाणे बरोबरच होता. मोबाइलच्या अभियंत्यांनाही ही अडचण ठाऊक होती. समोरचा माणूस बोलायचा थांबला की मोबाइल वीज वाचवण्यासाठी जवळजवळ काहीच पाठवत नाही. त्या पोकळीने ऐकणारा दचकू नये म्हणून फोन स्वतःच हलकीशी कृत्रिम सरसर कानात घालतो. फोन लागेपर्यंतच्या सेकंदांना मात्र तीही सोबत नसते. आता त्या हिरवे बटण दाबून मनात दहा आकडे मोजतात. एवढ्याने त्यांचे निम्मे फोन लागू लागले.

राहिलेले निम्मे कानाचे होते. वयोमानाने येणारा बहिरेपणा सहसा उच्च स्वरांपासून सुरू होतो. अ, आ, ओ हे स्वर शाबूत राहतात आणि स, श, फ, थ यांसारखे हलके, हवेचे वर्ण गळू लागतात. साठ म्हटले तर आठ ऐकू येते. म्हणूनच अशी माणसे म्हणतात, "ऐकू येतं, पण समजत नाही." त्यातून फोनची तार मुळातच साधारण 300 ते 3400 हर्ट्झ एवढाच आवाज वाहून नेत असे, स आणि फ यांतला फरक तिच्यावर चांगल्या कानालाही कळत नसे. जुन्या फोनची धातूची घंटा दणदणीत आणि भरीव होती, दोन खोल्यांपलीकडे ऐकू जाई. मोबाइलची कित्येक किणकिणणारी धून नेमकी त्या उताराच्या भागात पडते, जिथे म्हाताऱ्या कानाला काही उरलेले नसते. धून निवडताना खर्जातली निवडावी, आणि ती आपल्या कानाने न ठरवता ज्येष्ठ व्यक्तीला शेजारच्या खोलीत बसवून ठरवावी. ओरडून बोलल्याने स्वर मोठे होतात, हरवलेले वर्ण परत येत नाहीत. सावकाश, शब्द सुटे करून बोलल्याने पुष्कळ फरक पडतो. चेहरा दिसणारा कॉल केला तर ओठ पाहून उरलेले जुळवता येते. श्रवणयंत्र घ्यायचे असेल तर ते फोनशी कसे जोडता येते, हे दुकानातच करून पाहावे. आणि एकाच कानाने एकाएकी ऐकू येईनासे झाले, तर "मळ असेल, बघू पुढच्या आठवड्यात" असे न म्हणता त्याच दिवशी तज्ज्ञांकडे जावे. त्या आजारात उपचाराला उशीर झाला तर ऐकणे परत मिळण्याची शक्यता घटते.

पण रात्रीच्या बझरचे काय? तज्ज्ञांनी समजावले ते असे. कानाकडून येणारी वर्दळ कमी झाली की मेंदू स्वस्थ बसत नाही. मोकळ्या पडलेल्या जागी तो स्वतःच्या साठ्यातले आवाज मांडतो. कोणाला भजन ऐकू येते, कोणाला रेडिओ, कोणाला घंटा. दृष्टीच्या बाबतीत असेच घडते, हे जिनिव्हाच्या शार्ल बोने यांनी 1760 मध्ये लिहून ठेवले आहे. त्यांच्या आजोबांना मोतीबिंदूने दिसेनासे झाल्यावर नसलेली माणसे, पाखरे आणि इमारती दिसत. डोके मात्र ठिकाणावर होते. सासूबाईंची स्मरणशक्तीही तपासली गेली. वयाच्या मानाने थोडी उतरली होती, त्यावर लक्ष ठेवायचे ठरले, पण त्या रात्रीच्या आवाजाला वेड म्हणण्याचे कारण नव्हते. आवाज आज्ञा देऊ लागले, धमकावू लागले, किंवा त्यांच्याबरोबर दृश्ये दिसू लागली, तर मात्र पुन्हा या, असे डॉक्टरांनी सांगितले. श्रवणयंत्र लावण्याचा त्यांचा आग्रह होता, आणि त्याला आणखी एक कारण होते. 'लॅन्सेट'च्या 2024 च्या आयोगाने स्मृतिभ्रंशाच्या संदर्भात ज्या 14 घटकांवर उपाय करता येतो असे म्हटले आहे, त्यांत उपचार न केलेला बहिरेपणा आहे.

यंत्र आले. पहिले दोन आठवडे भांड्यांचा आवाजही त्यांना सोसवेना, नंतर सवय झाली. दिवसा कानांना काम मिळू लागल्यापासून रात्रीचा बझर आठवड्यातून एखाद्या वेळेवर आला.

या सुमारास मी एक आगाऊपणा केला. जुन्या आठवणी जागवल्याने वृद्धांना बरे वाटते, असे मी वाचले होते. गतकाळाच्या ओढीला इंग्रजीत जो शब्द आहे, नॉस्टॅल्जिया, तो 1688 मध्ये योहानेस होफर नावाच्या तरुण डॉक्टराने बाझेलच्या प्रबंधात एका आजाराचे नाव म्हणून घडवला. घरापासून दूर असलेली स्विस माणसे झुरून खंगत, त्यांच्यासाठी. रूसोने आपल्या 1768 च्या संगीतकोशात लिहिले आहे की, स्विस सैनिकांपुढे गुराख्यांची एक धून वाजवण्यास मनाई होती, कारण ती ऐकून सैनिक रडत आणि पळून जात. आज या ओढीकडे कोणी आजार म्हणून पाहत नाही. रॉबर्ट बटलर या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने 1963 मध्ये मांडले की, म्हातारपणी मागे वळून पाहणे हा भ्रमिष्टपणा नसून आयुष्याचा हिशेब लावण्याची स्वाभाविक क्रिया आहे. तेव्हापासून जुन्या वस्तू, छायाचित्रे आणि आवाज वापरून वृद्धांना बोलते करण्याची पद्धत रुळली. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांवरील अशा 22 अभ्यासांचा आढावा 2018 मध्ये कॉक्रेन संस्थेने घेतला. त्यात फायदा दिसला, पण लहान, आणि सगळीकडे सारखा नाही.

त्या 'सगळीकडे सारखा नाही'चा अर्थ मला घरीच समजला. मुलाच्या मोबाइलवर जुन्या काळ्या फोनच्या घंटेचे ध्वनिमुद्रण होते. सासूबाईंना गंमत वाटेल म्हणून मी ते दुपारच्या चहाच्या वेळी वाजवले. त्यांचा कप हातातच राहिला. "बंद कर ते," एवढेच त्या म्हणाल्या. गंमत माझ्या आठवणीतली होती. आमच्या लहानपणी फोन म्हणजे नवलाई होती. त्यांच्या पिढीत अवेळी वाजणारा फोन बहुतेक वेळा कोणी गेल्याचेच सांगायला येई. पुढे मी आवाज ऐकवायचे सोडून दिले आणि विचारायला लागले. बोर्डावर किती नंबर होते? पाळी किती वाजता बदलायची? हेडसेटने केस ओढले जात का? असे प्रश्न विचारले की त्या तास तास बोलत. बोलताना त्यांचे हात नकळत कॉर्ड उचलून भोकात खुपसल्यासारखे हलत. नाव विसरणाऱ्या सासूबाईंना 1966 सालचे नंबर घराण्यांसकट पाठ होते.

दसऱ्याच्या आधी, अशाच एका दुपारी, त्यांनी कोयनेचे सांगितले.

11 डिसेंबर 1967 रोजी पहाटे 4 वाजून 21 मिनिटांनी कोयनेचा भूकंप झाला. त्यात जवळजवळ दोनशे माणसे गेली आणि कोयनानगर उद्ध्वस्त झाले. सासूबाईंची पाळी सकाळी सातची होती, पण उजाडायच्या आतच त्या चालत एक्स्चेंजला गेल्या. सारे गाव रस्त्यावर चादरी पांघरून उभे होते. आत रात्रपाळीचे गृहस्थ दोन्ही हातांनी कॉर्ड लावत होते आणि बझर अखंड वाजत होता. "एक पाटी वर लावली की दोन पडायच्या. तो आवाज थांबलाच नाही गं, दुपारपर्यंत."

बाजारातल्या एका दुकानाच्या फोनवरून एक वयस्क गृहस्थ कोयनानगर मागत होते. त्यांची मुलगी तिकडे दिली होती. पलीकडून उत्तर येत नव्हते. ते दर दहा मिनिटांनी दांडी फिरवत, आणि दर वेळी सासूबाई तेच सांगत. शेवटी त्यांनी म्हटले, "काका, तुम्ही दुकानातच थांबा. लाइन मिळाली की मी स्वतः तुम्हाला लावून देते." मग अर्जंट आले, लाइटनिंग आले, सरकारी आले. दुपारी पाळी बदलली. काकांच्या कॉलचे तिकीट त्यांनी पुढच्या ऑपरेटरच्या हातात दिले, बझर चालू असतानाच, आणि घरी जाऊन झोपल्या. पुढे त्या कॉलचे काय झाले, हे त्यांनी कोणाला विचारले नाही. विचारायचे धाडस झाले नाही, असे त्यांनी सांगितले. सासऱ्यांनाही ही गोष्ट कधी सांगितली नव्हती.

मी काय बोलणार? "तुम्ही काय करू शकला असता" हे माझ्या ओठांवर आले होते, ते मी गिळले. सत्तावन्न वर्षांत ते त्यांनी स्वतःला कमी वेळा सांगितले असेल का? मी विचारले, "काकांचा आवाज कसा होता?" त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "नम्र. प्रत्येक वेळी आधी 'माफ करा हं, बाई' म्हणायचे."

भास होत असताना शुश्रूषा करणाऱ्याने खरे बोलावे की वेळ मारून न्यावी, यावर जाणकारांतही एकमत नाही. 'फोन वाजतो आहे' याला मी 'हो' म्हणत नाही, कारण उद्या त्या मला खोटारडी म्हणतील, आणि त्यांना तेवढे समजते. पण 'नाही' म्हणणेही मी सोडले आहे. मी विचारते, "कुठली लाइन आहे, आई?" कधी त्या पुण्याची सांगतात, कधी "जाऊ दे, थांबला" म्हणतात. माझे यजमान आधी या प्रकाराला हसत असत. हल्ली तेही विचारतात.

डिसेंबरातल्या एका रात्री, तीनच्या सुमारास, खोलीत दिवा लागलेला दिसला. श्रवणयंत्र टेबलावरच्या डबीत होते. मी शेजारी बसले आणि त्यांना ऐकू जाईल अशा बेताने, सावकाश विचारले, "कुठली लाइन आहे?"

"कोयनानगर."

"मिळाली का?"

त्यांनी मान हलवली. मग म्हणाल्या, "काकांना सांगायला हवं की अजून मिळत नाही. वाट बघत असतील."

"सांगा ना."

अंधाऱ्या खिडकीकडे तोंड करून त्या म्हणाल्या, "काका, लाइन मिळत नाहीये. तुम्ही घरी जा आता, थंडी आहे." आवाज ऑपरेटरचा होता, स्वच्छ आणि सपाट. मी पांघरूण खांद्यावर ओढून दिले. दिवा बंद करायला उठले तेव्हा त्यांनी वेळ विचारली. मी सांगितली.

"मला साताला उठव," त्या म्हणाल्या. "चहा ठेव तेव्हाच."